'ए' कुठे आणि 'ॲन' कुठे? स्वर-व्यंजनांचा नियम मुलीला नीट कसा सांगू?

दोरागाठ

नमस्कार मंडळी. मी घरी शिवणकाम करते. मुलगी पाचवीत आहे. संध्याकाळी ती माझ्या मशीनशेजारी चटई टाकून अभ्यासाला बसते. सध्या एप्रनची मोठी ऑर्डर हातात आहे, टाक्यावरून नजर हलवता येत नाही. म्हणून ती मोठ्यानं वाचते आणि मी ऐकते. पुस्तकात काय छापलंय ते मला दिसत नाही, तिचं वाचन तेवढं कानावर पडतं.

मी मराठी माध्यमात शिकले. आम्हाला इंग्रजी पाचवीपासून होतं. ए, ई, आय, ओ, यू हे पाच स्वर, बाकीची एकवीस व्यंजनं, स्वराआधी ॲन आणि व्यंजनाआधी ए, एवढं मला पक्कं पाठ होतं. इतकी वर्षं ते मी धरून ठेवलं आणि तेच मुलीला दिलं. तिनंही मनापासून घोकलं.

मागच्या आठवड्यात तिची चाचणी झाली. दहा गाळलेल्या जागा होत्या, तीन चुकल्या. तिनं लिहिलं होतं 'ॲन युनिफॉर्म', 'ए अवर' आणि 'ॲन वन-वे रोड'. युनिफॉर्मचं स्पेलिंग यू-नं सुरू होतं, अवरचं एच-नं, वनचं ओ-नं. म्हणजे नियम तिनं तंतोतंत पाळला होता. वही माझ्यापुढे धरून ती एवढंच म्हणाली, "आई, तू सांगितलंस तसंच लिहिलं गं." ती रागावली नव्हती. मला मात्र ते फार लागलं. आपण दिलेली गोष्ट पोरीनं विश्वासानं वापरावी आणि तीच चुकीची निघावी, हे सहन होत नाही.

त्यानंतर तिनं आणखी एक शंका काढली. प्रत्येक शब्दात एक तरी स्वर असतोच, असं मी तिला सांगितलं होतं. तिनं 'स्काय' लिहून दाखवला, एस-के-वाय. यात पाचांपैकी कोण आहे? मग पुस्तकातून 'रिदम' शोधून आणला. आर-एच-वाय-टी-एच-एम. सहा अक्षरं आणि पाचांपैकी एकही नाही.

उत्तर पाठ करून घेणं मला जमेल, पण मला ते समजून घ्यायचंय. पाचवीतल्या मुलीला समजेल आणि माझ्याही मनाला पटेल असं कुणी सांगेल का?

खडूचे_हात

ताई, मी ३१ वर्षं मराठी माध्यमाच्या वर्गांना इंग्रजी शिकवलं. हीच वही मी शेकडो वेळा तपासली असेल. आधी तुमच्या मुलीला माझ्याकडून शाबासकी द्या. दिलेला नियम नेमका पाळून त्यातली फट शोधणारं मूल हुशार असतं.

तुम्ही दोघी अभ्यास कानानं करता, आणि नियम मात्र तुम्हाला डोळ्यांचा मिळाला. सगळी अडचण तिथेच आहे. स्वर आणि व्यंजन हे मुळात आवाज आहेत. ए-ई-आय-ओ-यू ही ते आवाज लिहायची चिन्हं. इंग्रजीत चिन्हं २६ आहेत आणि नेहमीच्या ब्रिटिश उच्चारात आवाज साधारण ४४ मोजतात, त्यातले सुमारे २० स्वर आणि २४ व्यंजनं. वीस स्वरांना पाच चिन्हं कशी पुरणार? मग एकच यू 'कप'मध्ये अ होतो, 'पुट'मध्ये उ होतो आणि 'युनिफॉर्म'मध्ये त्याच्याआधी य येऊन बसतो.

आवाज ओळखायला आरसाही लागत नाही. मुलीला 'आ' म्हणायला सांगा आणि दम असेपर्यंत लांबवू द्या. हवा कुठेही अडत नाही, आवाज मोकळा वाहतो, तो स्वर. आता 'प' म्हणायला सांगा, पण ओठ मिटल्या क्षणी थांबवा. काहीच ऐकू येणार नाही. हवा ओठांपाशी अडली. 'स' म्हणताना ती दातांमागे घासते. अडणं किंवा घासणं आलं की व्यंजन. आपली वर्णमाला याच हिशेबानं लावलेली आहे. क-वर्ग घशाजवळ, च-वर्ग टाळूला, ट-वर्ग जीभ वळवून, त-वर्ग दातांना आणि प-वर्ग ओठांवर. आपल्याकडचं मूल पहिलीतच ही मांडणी तोंडपाठ करतं. इंग्रजीच्या तासाला त्याला तिची आठवण करून द्यायचं आपल्यालाच सुचत नाही.

म्हणून माझ्या वर्गात एक रीत होती. ए की ॲन असा प्रश्न पडला की पुढचा शब्द आधी देवनागरीत लिहायचा, जसा ऐकू येतो तसा. पहिलं अक्षर अ ते औ यांतलं आलं, किंवा ॲ-ऑ आलं, तर ॲन. क, ख, ग, य, व असं व्यंजन आलं तर ए. आता तुमचे तीन शब्द घ्या. 'अवर' लिहिला, अ आला, ॲन. 'युनिफॉर्म' लिहिला, य आला, ए. 'वन-वे' लिहिला, व आला, ए. स्पेलिंगकडे पाहायचंच नाही. 'ऑनेस्ट'ला ऑ, म्हणून ॲन. 'युरोपियन'ला य, म्हणून ए. 'युनिफॉर्म' आणि 'अनइन्व्हायटेड' या दोघांची स्पेलिंगं यू-एन-आय अशीच सुरू होतात, पण देवनागरीत लिहिल्याबरोबर ते वेगळे दिसतात.

आता वाय. आपल्या व्याकरणात य, र, ल, व यांना अर्धस्वर म्हणतात ते उगाच नाही. अति अधिक अंत म्हणजे अत्यंत. सु अधिक आगत म्हणजे स्वागत. इ-च्या पुढे दुसरा स्वर आला की इ-चा य होतो आणि उ-चा व होतो. हे नातं तोंडातलंच आहे, जीभ आणि ओठ जवळजवळ त्याच जागी असतात. इंग्रजी वाय हेच करतं. 'येस'मध्ये पुढे ए आहे, म्हणून ते य झालं, व्यंजन झालं. 'हॅपी'च्या शेवटी पुढे कुणी नाही, म्हणून ते ई राहिलं. 'स्काय'मध्ये ते 'आय' हा जोडस्वर दाखवतं. 'रिदम'मध्ये इ दाखवतं, आणि द-म यांच्या मधे एक पुसटसा अ बोलला जातो, ज्याला स्पेलिंगमध्ये अक्षरच नाही. म्हणजे तुम्ही मुलीला सांगितलेलं खरंच आहे. अशा प्रत्येक शब्दात स्वर असतोच, फक्त तो त्या पाच अक्षरांतच सापडेल असं नाही.

एक सावधगिरी मात्र हवी. आपल्यातले पुष्कळ जण 'एक'ला 'येक' आणि 'ओठ'ला 'वोठ' म्हणतात. तीच जीभ इंग्रजीत 'येलिफंट' आणि 'वॉफिस' म्हणते. तसं झालं तर माझी रीत चुकीचं उत्तर देते. आधी 'ए' आणि 'ये' यांतला फरक कानात बसवून घ्या.

झटपट_अभ्यास

एवढ्या खोलात कशाला जायचं? एच गप्प असणारे शब्द बोटावर मोजण्याइतके आहेत. अवर, ऑनेस्ट, ऑनर, एअर (म्हणजे वारस). ते पाठ करायचे. यू-चे पाचसहा पाठ करायचे. परीक्षेपुरतं काम होतं. पाचवीतल्या मुलांना अर्धस्वर वगैरे सांगून गोंधळ वाढतो, असा माझा अनुभव आहे.

खडूचे_हात

एच-च्या बाबतीत तुमचं बरोबर आहे. तेवढे चार आणि त्यांच्यापासून झालेले शब्द पाठच करावेत, कारण एच गप्प आहे हे स्पेलिंगवरून कळायला मार्ग नाही. यू-ची यादी मात्र संपत नाही. युनिट, युनियन, युनिक, यूज, यूजफुल, यूजर, युटेन्सिल... आणि संक्षेपांचं काय करणार? एमबीए, एक्स-रे, एसएमएस, एफआयआर यांना ॲन लागतो, कारण तोंडानं आपण एम, एक्स, एस, एफ म्हणतो. ही अक्षरं व्यंजनांची आहेत, पण त्यांची नावं स्वरानं सुरू होतात. उलट यू हे स्वराचं अक्षर असून 'यू-टर्न'ला ए लागतो.

ताई, मुलीला एक काम द्या. २६ अक्षरांची नावं देवनागरीत लिहायला सांगा आणि कुणाकुणाआधी ॲन येतो ते तिलाच मोजू द्या.

दोरागाठ

बाई, तुमचे फार आभार. काल जेवण झाल्यावर लगेच बसलो. मोजणी तिनं माझ्या मापाच्या वहीच्या मागच्या पानावर केली. ए, ई, एफ, एच, आय, एल, एम, एन, ओ, आर, एस, एक्स. बारा आले. यू सुटल्यावर तिनं त्याच्याभोवती गोल काढला आणि म्हणाली, "हा स्वर आहे आणि याच्याच नावात स्वर पहिला नाही." मला हे आजवर कधी जाणवलं नव्हतं. पुढे वाय-पाशीही ती थांबली, कारण त्याचं नाव व-नं सुरू होतं.

पण 'इअर' आणि 'यिअर' इथे आम्ही अडलो. म्हणजे कान आणि वर्ष. आम्ही दोघीही दोन्ही शब्द सारखेच म्हणतो, 'इयर'. मग एकाला ॲन आणि दुसऱ्याला ए हे तिला पटेना, आणि खरं सांगायचं तर मलाही दोन्ही कानाला एकच लागतात.

आणखी एक विचारते. इंग्रजी लिहिणाऱ्यांना हे पाच अक्षरांत भागत नाही हे कधी कळलंच नाही का? आपल्याकडे बॅट आणि ऑफिससाठी ॲ आणि ऑ तयार केले. त्यांनी का नाही केले?

शिळाछाप

ताई, माझी आवड जुन्या लिप्या आणि छपाई ही आहे, म्हणून तुमच्या शेवटच्या प्रश्नाला मी उत्तर देतो.

ही लिपी ज्या फिनिशियन लोकांपासून निघाली, ते फक्त व्यंजनं लिहीत. त्यांच्या भाषेत वाचणारा स्वर आपोआप भरून घेत असे. ग्रीकांनी ती लिपी उचलली तेव्हा तिच्यातल्या काही चिन्हांचे आवाज ग्रीक भाषेत नव्हतेच. ती रिकामी राहिलेली चिन्हं त्यांनी स्वरांसाठी वापरली. 'आलेफ' हे घशात हवा अडवण्याचं व्यंजन होतं, त्याचं 'अल्फा' झालं. आजचा ए तोच आहे, म्हणजे जन्मानं तो व्यंजन. पुढे ही लिपी रोमन लोकांकडून इंग्रजीकडे आली. दुसऱ्या भाषेच्या मापानं कापलेला कपडा त्यांनी अंगात घातला, असं तुमच्या भाषेत म्हणता येईल.

तरीही सहाशे वर्षांपूर्वी लिहिणं आणि बोलणं आजच्यापेक्षा पुष्कळ जवळ होतं. 'टाइम' तेव्हा 'टीमऽ' असा ऐकू येई, 'हाउस' 'हूस' असा, आणि 'नेम' चक्क 'नामऽ' असा. शेवटचा ई तेव्हा थोडासा बोलला जात असे. ('नेम' आणि आपलं 'नाम' हे एकाच मुळाचे शब्द आहेत, म्हणून हा जुना उच्चार वाचला की मला भारी आनंद होतो.) मग साधारण १४०० ते १७०० या काळात इंग्रजीचे सगळे दीर्घ स्वर तोंडात जागा बदलत गेले. त्याच काळात, १४७६ मध्ये, विल्यम कॅक्स्टननं वेस्टमिन्स्टरला छापखाना टाकला. छापलेली स्पेलिंगं हळूहळू घट्ट होत गेली आणि बोलणं पुढे सरकत राहिलं. स्वर बदलले, चिन्हं जागेवर राहिली. आज 'नाइट' या योद्ध्याच्या शब्दात के आणि जी-एच गप्प दिसतात, ते तेव्हा सगळे बोलत होते, 'क्निख्त' असं काहीसं.

'वन'चंही तसंच. तो पूर्वी ओ-नंच सुरू होत असे. पुढचा व नंतर आला, स्पेलिंग मात्र जुनंच राहिलं. 'ओन्ली' आणि 'अलोन' हे त्याच 'वन'पासून झालेले शब्द आहेत आणि त्यांत जुना ओ अजून ऐकू येतो. म्हणजे तुमच्या मुलीनं 'ॲन वन' लिहिलं ते पूर्वीच्या काळी बरोबर ठरलं असतं.

आणि हे खास तुमच्यासाठी. ए-ला न चिकटवून ॲन झाला असं आपण समजतो, पण घडलं उलट. मूळ शब्द न-चाच होता, आणि त्याचा अर्थ 'एक' असाच होता. व्यंजनापुढे तो न गळत गेला आणि ए उरला. पण ऐकणाऱ्याला न नक्की कुणाचा हे नेहमी कळत नसे. तुम्ही शिवताय तो 'एप्रन' पूर्वी 'नेप्रन' होता, 'नॅपकिन'चा भाऊबंद. 'ए नेप्रन' बोलता बोलता लोकांनी तो 'ॲन एप्रन' असा ऐकला आणि न कायमचा इकडून तिकडे गेला. क्रिकेटमधल्या 'अंपायर'चा पहिला न असाच गेलेला आहे.

कानोसा

मी हा धागा दोन दिवस वाचतेय. 'इअर' आणि 'यिअर' कानाला एकच लागतात असं ताईंनी लिहिलं, म्हणून लिहावंसं वाटलं.

माझा मुलगा दोन्ही कानांना यंत्र लावतो. तो तीन वर्षांचा असताना आम्हाला पहिल्यांदा कळलं की त्याला ऐकू येतं, पण सगळं येत नाही. हाक मारली की वळायचा. 'पाणी' आणि 'राणी' यांत मात्र गोंधळायचा. ऑडिओलॉजिस्टनी तक्ता काढून दाखवला तेव्हा स्वर आणि व्यंजन म्हणजे काय हे मला शाळेनंतर पहिल्यांदा कळलं. स्वर जोरकस असतात आणि त्यांचं बळ खालच्या पट्टीत असतं. स, फ यांसारखे आवाज अगदी हलके आणि वरच्या पट्टीत असतात. स-चा मुख्य आवाज ४००० हर्ट्झच्या वर जातो. माझ्या मुलाला वरचं कमी येतं. म्हणजे शब्दांचं अंग त्याला ऐकू यायचं, त्यांच्या कडा यायच्या नाहीत.

आम्ही रोज सकाळी यंत्र घातल्यावर सहा आवाज म्हणतो. आ, ई, ऊ, म, श, स. मी ओठ झाकते, म्हणजे तो बघून ओळखणार नाही. तो ऐकून परत म्हणतो. सहाही आले की यंत्र नीट चालतंय. स आला नाही की आधी बॅटरी बघायची. तीन स्वर, तीन व्यंजनं, आणि त्यांतून खालच्या पट्टीपासून वरच्या पट्टीपर्यंत सगळं तपासलं जातं.

इंग्रजीत त्याला सर्वांत अवघड गेलं ते अनेकवचन. 'कॅट' आणि 'कॅट्स' यांत फरक फक्त त्या शेवटच्या स-चा. 'डॉग्ज'मध्ये तोच एस ज-सारखा, जहाजातल्या ज-सारखा येतो आणि 'बसेस'मध्ये त्याच्याआधी आणखी एक स्वर लागतो. लिहिताना तिन्हीकडे एस. त्याला ते कानानं कळणार नव्हतं, म्हणून आम्ही हात घशावर ठेवून शिकलो. शेवटी घसा थरथरला तर तो ज.

कुठल्या आवाजांवर अर्थ उभा असतो हे बघायचं असेल तर एक वाक्य घ्या. 'मी उद्या शाळेत जाणार नाही.' यातले स्वर काढले तर उरतं 'म द्य शळत जणर नह'. चुकतमाकत वाचता येतं. व्यंजनं काढली तर उरतं 'ई उआ आए आआ आई'. काहीच कळत नाही, पण लांबून हाक मारली तर ऐकू जाईल तेही हेच. ताई, मुलीबरोबर एकदा करून बघा.

'इअर' आणि 'यिअर'साठी आमच्या स्पीच थेरपिस्टची एक युक्ती सांगते. आधी लांब 'ई' म्हणायचं, मग जीभ टाळूला अजून थोडी जवळ नेऊन सोडायची. ती जवळ नेऊन सोडणं म्हणजे य. 'ईईई-यिअर.' बोट हनुवटीखाली ठेवलं तर जिभेचं ते सरकणं बोटाला जाणवतं. कानाला जे येत नाही ते बोटाला येतं, हे मी सात वर्षं बघतेय.

दोरागाठ

कानोसाताई, तुमचा प्रतिसाद वाचून मी बराच वेळ मशीन चालू केलं नाही. ते वाक्य मी मुलीला लिहून दिलं. तिनं शेवटचे दोन स्वर वाचले आणि हाक मारल्यासारखं मोठ्यानं म्हणाली, "आई!"

शिळाछापदादा, नेप्रनची गोष्ट तिनं शाळेत मैत्रिणींना सांगितली. आता ऑर्डरच्या प्रत्येक गठ्ठ्यावर चिठ्ठी तीच लिहिते.

बाई, एक शेवटची शंका आहे. मग ती पाच अक्षरं कामाची नाहीतच का? तिच्या वहीत 'कटिंग'मध्ये दोन टी आहेत, पण मी शिवताना रोज जे करते त्या 'प्लीटिंग'मध्ये एकच आहे. इथेही कानच लावायचा का?

खडूचे_हात

इथे डोळे लावायचे. ए-ॲनचा नियम आवाजाचा, स्पेलिंगचे बरेच नियम अक्षरांचे. मुलीला हे दोन वेगळे कप्पे करून द्या.

तुमच्याच शब्दांवर सांगते. 'कट'मध्ये शेवटी एक स्वराक्षर आणि त्यापुढे एक व्यंजनाक्षर, यू आणि टी. अशा छोट्या शब्दाला आय-एन-जी लावताना शेवटचं अक्षर दुहेरी होतं, कटिंग. 'हेम'चं तसंच, दोन एम. 'पिन'चं तसंच, दोन एन. 'प्लीट'मध्ये स्वराक्षरं दोन आहेत, ई आणि ए, म्हणून टी एकच. 'फोल्ड'च्या शेवटी व्यंजनं दोन आहेत, एल आणि डी, म्हणून काही दुहेरी करायचं नाही. आणि अस्तराला आपण 'लायनिंग' म्हणतो ते 'लाइन'पासून. तिथला शेवटचा गप्प ई गळतो आणि एन एकच राहतो. चुकून दोन एन लिहिले तर वाचणारा 'लिनिंग' वाचेल, कारण दुहेरी व्यंजन दिसलं की आधीचा स्वर आखूड वाचायची सवय असते.

मोठ्या शब्दांत जोर कुठे पडतो तेही बघावं लागतं, पण ते सातवी-आठवीत. आत्ता एवढं पुरे.

दोरागाठ

कळलं, बाई. आज दुपारी उरलेल्या कापडाच्या पट्टीवर मार्किंगच्या खडूनं तिनं दोन रकाने पाडले. एका बाजूला 'कान', दुसऱ्या बाजूला 'डोळे'. अवर, युनिट, एक्स-रे कानाच्या बाजूला गेले. हेमिंग, पिनिंग, लायनिंग डोळ्यांच्या बाजूला. ती पट्टी मशीनच्या वरच्या भिंतीवर टाचणीनं लावलीय.

'यिअर' अजून तयार नाही. हनुवटीखाली बोट धरून दोघी म्हणतो. तिला परवा एकदा जमला, मला अजून दोनदा 'इयर' आणि एकदा 'यिअर' असा येतो. वाचताना ती मधेच थांबते आणि तो शब्द माझ्याकडून म्हणवून घेते, मी टाका संपवून म्हणते, मग ती पुढे वाचते.